मांसासाठी बटेर (जपानी लाव्ही) पालन: रिकाम्या ब्रॉयलर शेडमध्ये जमेल का?

पऱ्हाटीवाला (दारव्हा, जि. यवतमाळ)
नमस्कार मंडळी. माझ्याकडे तीन हजार पक्ष्यांचं ब्रॉयलरचं शेड आहे. एका कंपनीशी करार होता, तो दिवाळीपासून बंद झाला. शेड, टाकी, बल्बची लाइन सगळं जागेवर आहे, फक्त पक्षी नाहीत. कापूस-तुरीच्या भरवशावर शेडच्या कर्जाचा हप्ता निघत नाही.
साळ्यानं सुचवलं की बटेर टाका, पाच आठवड्यांत विकायला येते, रोगराई कमी, लस लागत नाही. अंड्यांचा धंदा करायचा नाही, फक्त मांसाचा. पाचशेच्या लॉटनं सुरुवात करावी म्हणतो. विचारायचं आहे ते असं:
यवतमाळच्या उन्हात हा पक्षी टिकतो का? शेवटचे दहा-बारा दिवस वजन भरण्यासाठी काय करतात? वन खात्याची भानगड आहे का? आणि मुख्य म्हणजे घेतो कोण?
ज्यांनी स्वतः केलं आहे त्यांनी सांगावं. यूट्यूबवाले लखपती पाहून झाले.

वऱ्हाडीठेचा
पाचशे बटेर म्हंजे आमच्या गावच्या एका बारशाचं जेवन बी नाही भाऊ. एका माणसाले चार लागतीन. थांबा, कोणी मोठं मानूस येऊन सांगीन. मी सतरंजी टाकून बसलो.

चंद्रपूर_४७
उन्हाचं मी सांगतो, कारण आमच्याकडे मे महिन्यात ४६-४७ चा पारा नवलाचा नाही.
पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३७-३८ अंश लागतंच. दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी करत जायचं. म्हणजे मे महिन्यात दिवसा ब्रूडरचा (पिल्लांना ऊब देणारा) बल्ब पेटवायचं काम नाही, उलट पिल्लं बल्बपासून लांब पळून भिंतीला चिकटली की समजायचं ऊब जास्त झाली. खरी पंचाईत तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात, म्हणजे नेमकी वजन धरायच्या वेळी. दुपारी पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकतो, खाद्याला तोंड लावत नाही, आणि वजन तिथंच अडकतं. मरत नाही फारसा, पण भरतही नाही.
उपाय घरचेच. पत्र्यावर तुराट्या-पऱ्हाट्यांचा थर, वरून चुना. बाजूला तरट बांधून त्यावर पाणी. खाद्य पहाटे आणि रात्री, दुपारी भांडं उचलून ठेवायचं. पाण्याची टाकी सावलीत हवी, नाही तर पक्ष्यांच्या पाण्याच्या निपलमधून चहाचं पाणी येतं.
एक लक्षात ठेवा. तरट आणि कूलर मृगाच्या आधीच कामाचे, तेव्हा हवा कोरडी असते. जुलैत तेच चालू ठेवलं की गारवा येत नाही, खाली अंथरलेलं तूस ओलं होतं, अमोनियाचा वास सुटतो आणि मागून रक्ती हगवण.

गोंदियाचा_धान
+१ ओल्या तुसाबद्दल. आमच्याकडे राईस मिलमधून तूस मिळतं मुबलक, पण पावसाळ्यात भिजलेलं पोतं चुकूनही टाकू नका. बुरशी लागली की लहान पिल्लांच्या फुप्फुसात जाते. आमच्याकडची पिल्लं अशीच मान लांब करून श्वास घेऊ लागली होती. गुरांच्या डॉक्टरांनी तूस नाकाशी धरलं आणि तिथंच सांगितलं.

डॉ_गुरंढोरं
वर दोघांनी बरंच काम हलकं केलं. मी पशुवैद्यक, विदर्भातच नोकरी. मुद्दे जसे आठवतील तसे लिहितो.
जागा: ब्रॉयलरला एक चौरस फूट देता, तिथं पाच-सहा बटेर बसतात. पाचशेला शंभर फूट पुरे. तीन हजार फुटांच्या शेडमध्ये हे पक्षी सोडले तर ऊब टिकणार नाही आणि पक्षी सापडणारही नाही. एका कोपऱ्यात दहा बाय दहा-बाराची खोली पार्टिशननं करून घ्या. आधी तूस काढा, धुवा, चुना मारा, दोन-तीन आठवडे शेड रिकामं राहू द्या. कोंबड्या आणि बटेर एका छताखाली नकोत.
पिल्लू: सात-आठ ग्रॅमचं असतं. पाण्याच्या भांड्यात बुडून मरतं, म्हणून पहिला आठवडा-दीड आठवडा भांड्यात गोट्या किंवा बारीक खडे. गुळगुळीत पेपर अंथरू नका, पाय फाकतात, मग ते पिल्लू कामातून गेलं. एक इंची जाळीतून ते आरपार जातं, बारीक जाळी लावा.
खाद्य: इथंच बहुतेकांचं वजन हुकतं. पहिले तीन आठवडे २४ ते २७ टक्के प्रथिनं लागतात. ब्रॉयलरच्या प्री-स्टार्टरमध्ये (पिल्लांच्या पहिल्या खाद्यात) २२-२३ असतात. नऊ किलो प्री-स्टार्टरला एक किलो सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड, ४५ टक्केवाली) मिसळली की २४ च्या पुढं जातं. दाणा दळून बारीक करा, नाही तर पिल्लू चोच मारतं आणि टाकून देतं.
रोग: लस सहसा देत नाहीत हे साळ्यांचं बरोबर. पण 'रोगच नाही' हे खोटं. आतड्याला जखमा करणारा एक जिवाणूजन्य आजार आहे, त्याचं नावच मुळी क्वेल डिसीज. पांढरट पातळ विष्ठा, पंख पाडून बसलेला पक्षी, आणि दोन-तीन दिवसांत ढीग. गर्दी आणि घाण हीच त्याची आमंत्रणं.

वऱ्हाडीठेचा
डॉक्टरसाहेब, डीओसी कायले इकत घ्या? घरचं सोयाबीन पडून हाये, भावाचं नाव काढलं तर रडू येते. चक्कीवर दळून टाकू न!

डॉ_गुरंढोरं
ठेचाभाऊ, नको. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात. पक्षी पोटभर खातो आणि वजन घटतं. उष्णता दिल्यावर ते घटक निकामी होतात, म्हणून ढेप-डीओसी चालते. घरी नीट भाजून घालणारे आहेत, पण सगळीकडून सारखं भाजलं गेलं पाहिजे, अर्धं कच्चं अर्धं करपलेलं उपयोगाचं नाही. मका मात्र घरचा घाला, फक्त कणसात काळा-हिरवा झालेला नको.

शेगावकचोरी
मी माळकरी घरातला, त्यामुळे विषय माझा नाही. पण सात ग्रॅमचं पिल्लू पाच आठवड्यांत कापायचं हे वाचून कसंसंच झालं. असो. शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे, म्हणून शुभेच्छा. कोंबडीखत विकणार असाल तर कळवा, संत्र्याला लागतं.

तणमोर (वाशीम)
वन खात्याबद्दल. वावराच्या धुऱ्यावरून पायाशी भुर्रकन उडतात ते लावे आणि शेडमधली जपानी लाव्ही, हे वेगळे पक्षी आहेत. रानातले सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. पकडणं, पाळणं, विकणं, तिन्ही गुन्हे.
जपानी जात भारतात १९७४ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून आणली, बरेलीजवळ इज्जतनगरला. तिथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं पुढं तिच्यावर निवडपैदास केली. मध्ये २०११ साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं नवे परवाने देऊ नका असं राज्यांना कळवलं होतं, तेव्हा अनेकांचे फार्म अडकले. पुढं दोनेक वर्षांत पाळीव जपानी लाव्हीला सूट मिळाली. त्यामुळे आज अडचण नाही, पण पिल्लांची पावती जपून ठेवा. आठवडी बाजारात पिंजरा घेऊन बसलात आणि कोणी विचारलं तर हातात कागद हवा.
आणि हात जोडून विनंती: नाही विकले गेले म्हणून रानात सोडू नका. बाहेरच्या देशांत जपानी लाव्हीचा रानातल्या लाव्यांशी संकर झालेला आहे. आमच्या वाशीम-अकोल्याकडे फासेपारधी समाजातली माणसं गवताची रानं राखायच्या कामात उतरली आहेत, तणमोर पक्ष्यासाठी, लाव्यांसाठी. त्यांच्या मेहनतीवर पाणी नको.

पुणेकर_मूळचा_अकोल्याचा
माहितीपूर्ण धागा. लहानपणी आजोबांसोबत वावरात गेल्यावर लावे दिसायचे. आता गावी गेलं की फक्त फवारणीचे पंप दिसतात.
अवांतर: पुण्यात हॉटेलात बटेर फ्रायची प्लेट भलती महाग असते. शेतकऱ्याला त्यातलं काय मिळतं?

हिशेबनीस (अमरावती)
पुणेकरांनी विचारलंच आहे तर आकडे मांडतो. भाव आमच्या भागातले, अंदाजे. तुम्ही आपापले घाला.
पिल्लं ५०० × १० = ५,०००. दहा टक्के मर धरा, उरले ४५०. पाच आठवड्यांत एक पक्षी अर्धा किलो, सांडलवंड धरून साडेपाचशे ग्रॅम खाद्य खातो. म्हणजे २५० किलो, चाळीसच्या भावानं १०,०००. तूस, वीज, औषध, वाहतूक १,५००. एकूण १६,५००, म्हणजे पक्ष्यामागे ३७ रुपये. स्वतःची मजुरी शून्य धरली आहे, ती आपण नेहमीच शून्य धरतो.
पन्नासनं गेला तर सहा हजार सुटले. व्यापाऱ्यानं चाळीसला मागितला तर दीड हजार.
आता खरी गोष्ट. पाचव्या आठवड्यात पक्षी १८०-२०० ग्रॅमचा होतो. सहाव्यानंतर नर जवळपास थांबतो, मादी अंड्यावर जाते. खाणं मात्र रोज २५ ग्रॅम चालूच. ४५० पक्षी म्हणजे सव्वाअकरा किलो, म्हणजे दिवसाला साडेचारशे रुपये. गिऱ्हाईक चार दिवस उशिरा आलं की व्यापाऱ्याकडून मिळणारे दीड हजार गेले. म्हणून मी उलटा विचार करतो. आधी विक्रीची तारीख, मग तिथून पाच आठवडे मागे मोजून पिल्लं.

काळी_माती (आर्णी)
हिशेबनीस यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, आणि त्यात कॅलेंडर जोडा. श्रावणात विकणार कोणाला? मग गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र. मार्गशीर्षात घराघरात गुरुवार. आपल्याकडे मांसाचे हक्काचे दिवस म्हणजे आखाडी, पोळ्याची कर आणि धुळवड. आखाडीसाठी पिल्लं मृगात पडली पाहिजेत.
आमच्याकडे यंदा पाचशेचा एकच लॉट घालत नाहीत, दीडशे-दीडशे दर दहा-बारा दिवसांनी. धाब्याला एकदम पाचशे नको असतात, त्याला दर शनिवारी चाळीस हवे असतात. खोलीचे तीन कप्पे करायचे, काम थोडं वाढतं.

डॉ_गुरंढोरं
कप्प्यांची कल्पना चांगली, फक्त कामाची दिशा पाळा: आधी लहान पिल्लांकडे जायचं, मग मोठ्यांकडे. उलट नाही.

संत्र्याची_बाग (वरुड)
भाऊ, शेवटच्या दिवसांत वजन कसं भरायचं हे तुम्ही विचारलं होतं, त्याचं उत्तर कोणीच दिलं नाही. सगळे हिशेबात आणि आखाडीत गुंतले. 😀
तीन आठवड्यांचे झाले की नर-मादी ओळखू येतात. नराची छाती तांबूस, एकसारखी. मादीची फिकट, त्यावर काळे ठिपके. तेव्हाच वेगळे करा. एकत्र ठेवले तर नर भांडतात, ओरडतात, माद्यांच्या डोक्याची सालं काढतात, आणि खाल्लेलं सगळं धिंगाण्यात जातं. इतर पाळीव पक्ष्यांत नर मोठा, इथं मादी वजनदार. ती धाब्याच्या पहिल्या पसंतीची.
मग उजेड. पहिले दोन-तीन आठवडे रात्रंदिवस उजेड असतो, पिल्लानं खावं म्हणून. चौथ्यापासून तो कमी करत आठ तासांवर आणायचा, तोही मंद. प्रखर उजेड जास्त वेळ मिळाला की पक्षी वयात येतो, मादी अंड्याची तयारी करते. अंधुक उजेडात तो खातो आणि बसतो. आम्ही शेडच्या त्या भागाला जुनी बारदानं लावतो, हवा खेळेल इतकी खालून-वरून मोकळी.
खाद्यात प्रथिनं थोडी उतरवून मका वाढवायचा. तो चरबीला. पण अती मका नको, गिऱ्हाइकाला पिवळी चरबी दिसली की तोंड वाकडं करतं.
आणि छत. हा पक्षी घाबरला की सरळ वर उसळतो, डोकं आपटून मरतो. पिंजरा असेल तर फूटभरापेक्षा बुटका ठेवा म्हणजे वेगच येत नाही. जमिनीवर असतील तर वर सैल मऊ जाळी. दिवाळीच्या फटाक्यांत याचं महत्त्व कळतं.

पऱ्हाटीवाला
बाग भाऊ, हेच पाहिजे होतं. उजेडाचं कोणीच सांगितलं नव्हतं. साळा तर म्हणत होता की चोवीस तास बल्ब ठेवा, जितकं खाईल तितकं भरेल.
लोडशेडिंगचं काय करता? आमच्याकडे रात्री लाइन कधी जाईल नेम नाही.

चंद्रपूर_४७
पहिल्या दोन आठवड्यांत लाइन गेली की पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात, हिवाळ्यात जास्त. गोल रिंगण करा, कोपरा ठेवू नका. इन्व्हर्टरवर एक-दोन बल्ब तरी हवेत. कोळशाची शेगडी ठेवणारे आहेत, पण खोली बंद करून ठेवली तर धुरानं पिल्लं आणि माणूस दोन्ही जातील. गोल रिंगण आणि बाजूला तरट, इतक्यावर आमचं भागतं.

सावजीताई (नागपूर)
मंडळी, खाणाऱ्यांच्या बाजूनं कोणी बोलायचं की नाही? माझी खानावळ आहे. बटेर आठवड्यातून एकदा ठेवते, गिऱ्हाईक ठरलेलं आहे.
लोक मटणाच्या हिशेबानं तासभर रटरटवतात आणि मग म्हणतात हाडंच हाडं. हिला वीस मिनिटं बास. आधी काळा मसाला, खसखस, जवसाचं वाटण तेल सुटेस्तोवर परतून घ्यायचं, तर्री तयार झाली की पक्षी सोडायचा, झाकण, आणि गॅस बारीक. ज्वारीची भाकर नाही तर लांब पोळी. दोनशे ग्रॅमच्या पक्ष्याचं साफ करून एकशेतीस-चाळीस ग्रॅम उरतं, म्हणून एका ताटाला दोन.
पऱ्हाटीवाले दादा, आम्हाला जिवंत नको असतो. साफ करायला माणूस कुठून आणू? साफ करून, बर्फात, ठरल्या दिवशी आणून देणारा असेल तर आम्ही चार पैसे जास्त देतो. पण दोन शनिवार दिलं आणि तिसऱ्याला फोन बंद, असं करणारे फार भेटले.

वऱ्हाडीठेचा
ताई, पत्ता टाका. धागा गेला उडत, आमी जेवाले येतो.

पुणेकर_मूळचा_अकोल्याचा
लांब पोळी वाचून डोळे भरले. +१००

हिशेबनीस
सावजीताईंच्या प्रतिसादात धंद्याची किल्ली आहे. साफ करून द्यायचं तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी करून घ्या, धाबेवाले आता विचारतात.
दुसरं, 'पिल्लं आम्ही देऊ, पक्षी आम्हीच परत घेऊ, आधी इतके लाख भरा' असं सांगत कोणी आलं तर चहा पाजा आणि वाटेला लावा. २०१२ च्या सुमारास इमूचं काय झालं आठवतं ना? २०१९ मध्ये कडकनाथचं तेच झालं. दोन्ही वेळा पक्षी चांगलेच होते, परत घ्यायला कोणी नव्हतं.

काळी_माती
इमूबद्दल असहमत नाही, पण तुलना तितकी बरोबर नाही. इमूला खाणारंच नव्हतं. बटेर खाणारे आहेत, कमी आहेत इतकंच. शिवाय पाच आठवड्यांत फसलं तर पाच आठवड्यांचंच नुकसान. इमूवाल्यांनी दीड-दोन वर्षं पोसला होता.

मोहफूल (गडचिरोली)
बर्ड फ्लूचं कोणीच काढलं नाही? नागपूरच्या गोरेवाड्याला डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ नं गेले. बातमी आली की गावात कोंबडी, बटेर, सगळ्याला लोक हात लावत नाहीत. तेव्हा पाचशे पक्षी अंगावर असले तर काय?

डॉ_गुरंढोरं
प्रश्न रास्त आहे. बटेरालाही तो रोग होतो, त्यामुळे 'काटक जात' वगैरेवर विसंबू नका. शेडमध्ये चिमण्या-कावळे शिरणार नाहीत अशी जाळी, दाराशी चुना, बाहेरच्यांना आत बंदी. एकाएकी जास्त मर झाली तर पुरून मोकळं होऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. भीती पसरून भाव पडतो त्यावर माझ्याकडे औषध नाही. नीट शिजवलेल्या मांसातून धोका नसतो हे आम्ही दर वेळी सांगतो आणि दर वेळी लोक पनीर खातात.

शेगावकचोरी
पनीर वाईट का हो डॉक्टर? 🙂

संत्र्याची_बाग
म्हणून तर दीडशे-दीडशेचे लॉट बरे. अंगावर कमी असतात. काळीमातीताईंनी आधीच सांगितलं आहे.

वऱ्हाडीठेचा
मुंगसाचं अन् उंदराचं बी सांगा कोणी. आमच्या शेजाऱ्याच्या शेडात एका राती उंदरानं पिल्लं ओढून नेले, सकाळी हा पुलिसात जाचं म्हने. बिळं बुजवा, पत्रा जमिनीत फूटभर गाडा. धामण आली तर मारू नका, उंदीर तिच खाते. पन जाळीच्या आत नका घेऊ, थे पिल्लू बी सोडत नाही.

पऱ्हाटीवाला
सगळ्यांचे आभार. दोन दिवस मोटरसायकल काढून दारव्हा, आर्णी, यवतमाळ रोडचे धाबे फिरलो. पाचशेचा विचार सोडला. दीडशेचा पहिला लॉट, तोही आता लगेच नाही. सध्या टाकला तर पक्षी नेमका मार्गशीर्षात तयार होतो. धुळवडीच्या हिशेबानं पिल्लं मागवतो, म्हणजे ब्रूडिंग थंडी उतरताना होईल आणि उन्हाच्या आधी पक्षी बाहेर. शेडच्या उरलेल्या भागात सध्या तूर साठवतो आहे.
शेडच्या कर्जाचा हप्ता यातून निघणार नाही हे हिशेबावरून दिसलंच. पण विजेचं बिल आणि घरातला किराणा निघाला तरी चालेल.
डॉक्टर, हॅचरी लांब आहे. पिल्लं ट्रॅव्हल्सनं रात्री आणली तर चालतात का?

डॉ_गुरंढोरं
चालतात. अंड्यातला बलक पोटात असतो, त्यावर एक दिवस निघतो. त्यापुढं ताणू नका, हे पिल्लू कोंबडीच्या पिल्लापेक्षा फार लहान. भोकं असलेला खोका, तळाला बारदान, डिकीत नाही, सीटजवळ. उतरल्यावर आधी गुळाचं किंवा इलेक्ट्रोलाइटचं पाणी, तास-दोन तासांनी खाद्य.

हिशेबनीस
धाबेवाल्यांनी आगाऊ काही दिलं का?

पऱ्हाटीवाला
आगाऊ कोण देते भाऊ. दोघांनी दर शनिवारी वीस-वीस घेतो म्हणून सांगितलं, साफ करून पाहिजे. तिसरा म्हणाला आधी आणून दाखवा.

गोंदियाचा_धान
तुसाची दहा पोती आमच्याकडून घेऊन जा, कोरडी आहेत. ट्रकवाला वर्ध्यापर्यंत येतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा.